सुराला ऊन लागलं

सोमाजी गुरुजींच्या यंत्राचा 'सा' सकाळी सात वाजता एका जागी असायचा आणि दुपारी बारा वाजता दुसऱ्याच जागी. मधल्या पाच तासांत त्याला कोणी हात लावलेला नसे. आरमोरीचा मे महिना तेवढा लागलेला असे.

"गुर्जी, हा सूर झोपेत चालते काय?" वर्गातल्या प्रियाने एकदा विचारलं होतं.

"चालत नाई वं, तापते," गुरुजी म्हणाले. "तुले ताप आला की तू कशी बडबडत सुटते? तसे याच्या पोटातले पुर्जे तापले की सूर वर चढते."

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. म्हणजे पगार थांबला होता, शिकवणं नाही. विहारामागच्या टिनाच्या खोलीत सुटीच्या दिवसांत ते मुलं जमवत आणि विज्ञान व संगीत एकाच चटईवर बसून शिकवत. त्यासाठी नागपूरहून त्यांनी एक जुना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर आणला होता. आकार पोळ्यांच्या डब्याएवढा, पट्ट्या चिमणीच्या चोचीएवढ्या, आणि एका वेळी वाजणार एकच सूर. मुलं चौदा आणि सूर एक, त्यामुळे रांग लावावी लागे.

"साधा कीबोर्ड म्हणजे दुकानातले पापड," ते मुलांना सांगत. "आवाज आधीच करून आत भरून ठेवले. बटन दाबलं की एक बाहेर. अन् हे आपलं यंत्र म्हणजे घरचं पीठ. इथीच भिजवा, इथीच मळा, इथीच लाटा. हे घुंडी फिरवली की आवाज जाड, हे फिरवली की पातळ."

"अन् जळला तं?" मंगलीने विचारलं.

"जळला तं आपलाच. दुसरा लाटायचा."

मंगली कुरखेड्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावची. सुटीत मावशीकडे आली होती. बोलायची कमी, पण पहिल्या दिवसापासून तिची एकच मागणी होती.

"मोह पडते, तसा आवाज निघन काय यातून?"

"कसा पडते?"

मंगलीने जीभ टाळूला लावून हलकेच सोडली. पहाटे, वाळक्या पानांवर, रसाने भरलेलं एक फूल. गुरुजींनी तीन दिवस घुंड्या फिरवल्या. एकदा टिकली फुटल्यासारखा आवाज निघाला, एकदा बेडकासारखा, आणि एकदा असा निघाला की मुलं दहा मिनिटं हसत राहिली आणि वर्ग सोडून द्यावा लागला. शेवटी गुरुजींच्या लक्षात आलं की या आवाजात सूर वरून खाली झर्रकन घसरायला हवा, आणि त्यांच्या यंत्राला घसरणं जमतच नव्हतं. त्याला फक्त चढणं ठाऊक होतं.

गुरुजींच्या मोबाइलवर 'स्वस्त सिंथ मित्रमंडळ' नावाचा एक गट होता. महाराष्ट्रभरातले त्रेचाळीस हौशी लोक त्यात होते आणि त्यातल्या बत्तीस जणांनी सिंथेसायझर अजून हाताळून पाहिला नव्हता. पुण्यातल्या एका नव्या, छोट्या कंपनीने त्या गटावर जाहीर केलं की आम्ही परवडेल असा अ‍ॅनालॉग सिंथ बनवतो आहोत, तुम्हाला त्यात काय काय हवं ते सांगा. आणि जिथे वाद्य रोज वापरात राहील अशा तीन ठिकाणी पहिली तीन यंत्रं वापरून पाहण्यासाठी कायमची दिली जातील.

'परवडेल' म्हणजे काय, यावरच तीन दिवस गेले. चौथ्या दिवसापासून मागण्या सुरू झाल्या. एकाला दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या हव्या होत्या. एकाला पडदा नको होता, एकाला मोठा पडदा हवा होता, आणि ते दोघं सख्खे भाऊ निघाले. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं की, 'जुन्या यंत्रांचा तो किंचित डळमळणारा, उबदार सूर हवा. हल्लीची यंत्रं फार थंड वाजतात.'

गुरुजींनी घाम पुसत तो मजकूर दोनदा वाचला. मग एका बोटाने उत्तर लिहिलं, 'मे महिन्यात आमच्याकडे या. जय भीम.'

आपल्या वर्गाची मागणी मात्र त्यांनी एकट्याने लिहिली नाही. एक दोनशे पानी वही घेतली आणि ज्याला ज्याला सुरांशी देणंघेणं होतं त्याला विचारलं. पहिला आला लच्छू. लच्छू झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं ऑर्गन वाजवत होता आणि उन्हाळ्यात, नाटकं बंद असली की, वर्गात पेटीवर साथ द्यायला येई.

"पट्ट्या मोठ्या पाह्यजेत, गुर्जी. हे बोटं पाहा." त्याने भेंडीसारखी दहा बोटं पुढे केली. "एक दाबतो तं तीन दबते. अन् दुसरं, केलेला आवाज ध्यानात राह्यला पाह्यजे त्याच्या. नाटकात हिरोचा बाप मरते, अन् त्याच्या मांगच लावणी. मधात मले दोन सेकंद भेटते. तेवढ्यात सात घुंड्या कोन फिरवन? एका डावाले बापाच्या मयतीवर लावणीचा आवाज निघाला तं लोकं उठून नाचतीन ना!"

गुरुजींनी लिहिलं: पट्ट्या मोठ्या. आवाज लक्षात राहावा.

प्रियाला एका वेळी निदान चार सूर हवे होते, म्हणजे रांगेतली भांडणं मिटतील. आणखी कोणाला बॅटरी हवी होती, कोणाला घुंड्यांच्या खाली मराठीत नावं, कोणाला धूळ आत जाऊ नये असं झाकण. मंगलीने मोह सांगितला.

गुरुजींच्या पत्नी ठमाबाई पाण्याची कॅन ठेवायला आल्या होत्या. गुरुजींनी त्यांनाही विचारलं.

"मले काय पाह्यजे?" ठमाबाईंनी यंत्राकडे पाहिलं. "बंद कराचं बटन मोठं पाह्यजे. अन् हे पोट्टे कानात घालते ना, ते हेडफोन. ज्याले आयकाचं त्यानं आयकावं. मांगच्या आठवड्यात तुमचं यंत्र ओरडलं अन् माही कढी नासली."

"कढीचा अन् आवाजाचा काय संबंध?"

"तुमी इज्ञानाचे मास्तर. तुमी शोधा."

सव्वीस मागण्या झाल्या. सत्ताविसावी गुरुजींची स्वतःची होती. ती त्यांनी पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर लिहिली आणि तीन वेळा अधोरेखित केली: 'सूर उन्हात सरकू नये.'

आठवड्याभराने कंपनीचा फोन आला. यादी पाठवू नका, असंही ते म्हणाले. माधवी नावाच्या त्यांच्या इंजिनिअर मॅडम मैत्रिणीच्या लग्नाला गडचिरोलीला चालल्या होत्या. जाताना आरमोरीवरून जाणारच, तर वर्ग पाहतील, मुलांचं ऐकतील आणि यादी हातात घेतील. तीनपैकी एक यंत्र इथे द्यायचं की नाही ते त्यावर ठरणार होतं. सोमवारी, सकाळी आठ वाजता.

"आठ वाजता सूर कसा राह्यते?" लच्छूने विचारलं.

"आठ वाजता तं आपला सूर लय शहाणा राह्यते," गुरुजी आनंदाने म्हणाले.

गाणं गुरुजींनीच रचलेलं होतं. सहावीच्या जलचक्राचा धडा त्यांनी चालीत बसवला होता. 'तापलं पाणी, झाली वाफ, वर वर वर चालली वाफ' अशी सुरुवात, आणि शेवट 'खाली खाली आली सर, बांधीत भरलं पाणी गार.' बांधी म्हणजे तिकडचं धानाचं शेत. यंत्रावर प्रिया वाजवणार, पेटीवर लच्छू, बाकीची मुलं गाणार. मुलांना गुरुजींचा एकच नियम होता: काही झालं तरी यंत्राचा सूर सोडायचा नाही. आजूबाजूला कोणी चुकलं तरी आपण यंत्राबरोबर राहायचं.

सोमवारी साडेसात वाजता गुरुजींनी बारीक पेचकस घेऊन यंत्राच्या पाठीवरचा स्क्रू फिरवला आणि सूर लच्छूच्या पेटीच्या काळी एकला लावून दिला. केसाएवढंही अंतर नव्हतं. आठ वाजले. साडेआठला फोन वाजला.

"सर, नागभीडला टायर पंक्चर झालंय. साडेदहापर्यंत पोचते."

साडेदहाला पुन्हा फोन. टायर झालं होतं, आता रेल्वेचं फाटक होतं. बारा वाजता नक्की.

टिनाचं छप्पर तोवर कडकडायला लागलं होतं. गुरुजींनी यंत्राची एक पट्टी दाबली, लच्छूने पेटीची. दोन्ही सुरांनी एकमेकांकडे अनोळखी माणसांसारखं पाहिलं.

"चढला," लच्छू म्हणाला.

"कूलरसमोर ठेवू."

यंत्र कूलरसमोर स्टुलावर ठेवलं. मुलंही ओळीने कूलरसमोरच बसली. अर्ध्या तासात सूर जरा भानावर आला, आणि अकरा चाळीसला लाइन गेली. कूलरचा पंखा दोन फेऱ्या मारून थांबला.

"यंत्राचं पाहून घेतो मी," असं म्हणत लच्छू बाहेर गेला आणि स्वतःच्या मोटरसायकलची बॅटरी काढून घेऊन आला. वायर जोडली, यंत्राचा लाल दिवा लागला. यंत्र चालणार होतं. कूलर चालणार नव्हता. बाहेर कावळासुद्धा पंख पसरून सावलीत बसला होता.

बाराच्या सुमारास ठमाबाई पन्ह्याची बरणी घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच खोलीतली कळा पाहिली. गुरुजी वहीने यंत्राला वारा घालत होते.

"काय झालं याले?"

"तापलं."

ठमाबाईंनी यंत्राच्या डोक्यावर तळहात ठेवला. अर्ध्या मोहल्ल्याला त्यांनी उन्हातून उठवून बसवलं होतं आणि त्या बाबतीत त्यांचा शब्द दवाखान्याच्या आधी घेतला जाई.

"तापलं काय म्हंता? ऊन लागलं याले," त्या म्हणाल्या. "हटा तिकडे. प्रिया, पोत्याची फारी आन ओली करून. मंगली, माठाखालची जागा मोकळी कर."

"अवं, यंत्र आहे ते. पाणी गेलं आत तं संपलं!"

"मले समजते. प्लास्टिकची थैली आन."

थैलीत यंत्र, थैलीवर ओलं पोतं, आणि ते गाठोडं माठाखालच्या ओल्या वाळूत. गुरुजींना यात आक्षेप घेण्यासारखं काही दिसेना. बाष्पीभवनाने गारवा येतो हे त्यांनीच एकतीस वर्षं शिकवलं होतं. मग ठमाबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक कांदा काढला आणि सुतळीने यंत्राच्या बाहेर राहिलेल्या कडीला बांधला.

"हे नाई चालाचं," गुरुजी म्हणाले. "मी या पोट्ट्याइले काय शिकवलं? प्रत्येक गोष्टीले कारण विचारा. कांद्याचा काय संबंध?"

"कांद्यानं आजवर कोनाचं वाईट झालं काय?"

गुरुजींनी विचार केला. "नाई."

"मंग राहू द्या."

चौदा मुलांनी हा वाद लक्ष देऊन ऐकला आणि निकाल मनात लिहून ठेवला.

पाऊण वाजेपर्यंत यंत्र माठासारखंच गार पडलं. सूर आता सकाळच्याही खाली गेला होता. गुरुजी वाळूत पालथे झोपले, पोत्याखाली हात घातला, पेचकस फिरवला आणि लच्छूला ओरडून विचारत विचारत सूर पुन्हा काळी एकवर आणला. अगदी तंतोतंत. ते उठले तेव्हा सदऱ्याला पुढून वाळू लागली होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं. गार केलेली वस्तू गरम खोलीत ठेवली की पुढे काय होतं, हा प्रश्न ते दरवर्षी चाचणी परीक्षेत दोन गुणांना विचारत. त्या क्षणी तो त्यांना सुचला नाही.

सव्वा वाजता गाडी आली. माधवी उतरली तेव्हा तिचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. तिशीच्या आतली, गळ्यात मोठा हेडफोन, हातात नुसती रिकामी पाण्याची बाटली.

"सर, सॉरी, खूपच... हे नेहमी इतकं असतं?"

"आज बरं आहे," गुरुजी म्हणाले.

ठमाबाईंनी तिला बसवलं, दोन पेले पन्हं पाजलं, आणि तिच्या हातात एक कांदा ठेवला. "हे पर्समंधी ठेव, बाई. लग्नात मिरवशील, कोनाले दिसत नाई."

माधवीने कांदा घेतला. मग तिची नजर माठाखालून काढलेल्या, प्रियाने टेबलावर आणून ठेवलेल्या यंत्राकडे गेली. त्यालाही कांदा होता. तिने आपल्या कांद्याकडे पाहिलं, यंत्राच्या कांद्याकडे पाहिलं, आणि समंजसपणे काही विचारलं नाही. मोबाइल काढून तिने रेकॉर्डिंग सुरू केलं.

टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ यंत्रावर येत होतं.

"तापलं पाणी, झाली वाफ," मुलांनी सुरुवात केली. यंत्र, पेटी आणि तेरा गळे, सगळं एका सुरात. गुरुजींचा जीव भांड्यात पडला. 'वर वर वर चालली वाफ' या ओळीपर्यंत तो तिथेच होता.

दुसऱ्या कडव्यात तो बाहेर आला. यंत्र हळूच वर सरकत होतं. मुलांनी नियमाप्रमाणे यंत्र सोडलं नाही, तीही सरकली. पेटी मात्र काळी एकवर राहिली आणि खोलीत दोन गाणी ऐकू यायला लागली. पण लच्छू वीस वर्षांचा झाडीपट्टीचा माणूस होता. नाटकातला नट एकदा पट्टी सोडून निघाला की त्याला परत बोलावता येत नाही, ऑर्गनवाल्यानेच त्याच्या मागे जायचं असतं, म्हणजे प्रेक्षकांना वाटतं हे ठरलेलंच होतं. लच्छूने डोळे मिटले आणि पेटी पांढरी दोनवर नेली.

गुरुजींनी पेचकस शोधला. खिशात नव्हता. टेबलावर नव्हता. तो माठाखाली वाळूत होता. ते उठले, माधवीकडे पाहून हसले, मुलांच्या मागून वाकून वाकून माठापर्यंत गेले आणि वाळू उकरू लागले.

"मास्तर, काय हारपलं?" ठमाबाईंनी कुजबुजून विचारलं.

"पेचकस!"

"तो मी धुवून ताटात ठेवला. वाळू लागली होती त्याले."

तोवर गाण्यात ढग झाले होते आणि पेटी काळी दोनवर पोचली होती. मुलांच्या माना ताणल्या होत्या. यंत्र उन्हात निवांत शेकत होतं आणि त्याच्या सुराला कोणी अडवणारं नव्हतं. प्रिया घामाने निथळत, पण एकही पट्टी न चुकवता वाजवत होती. लच्छू डोळे मिटूनच पांढरी तीनवर गेला. गुरुजी पेचकस घेऊन टेबलाखाली शिरले, तर यंत्राची पाठ भिंतीला टेकलेली. ओढावं तर प्रियाचे हात त्यावर.

"खाली खाली आली सर," मुलांनी म्हटलं. ही ओळ आजवर कोणी इतक्या उंचावरून म्हटली नसेल. टाचा वर आल्या होत्या, दोघा मुलांचे डोळे पांढरे झाले होते. विहारासमोरच्या पिंपळाखाली झोपलेलं कुत्रं उठून बसलं आणि तेही सामील झालं. मंगलीने, जिथे पोचता येत नाही त्या सुराशी उगाच ओढाताण नको म्हणून, तोंड मिटून घेतलं. "बांधीत भरलं पाणी गार!" अशी शेवटची किंकाळी झाली आणि गाणं संपलं. लच्छूने डोळे उघडले. त्याची बोटं पांढरी चारवर होती.

गुरुजी टेबलाखालून पेचकसासकट बाहेर आले आणि उभे राहिले. गेलं यंत्र, त्यांच्या मनात आलं. मुलांकडे पाहवेना.

माधवी उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत होती.

"सर, ही कल्पना कोणाची? पाणी तापतं तसा सूरही तापत जातो! आणि शेवटी पाऊस खाली येतो तरी सूर खाली येत नाही. म्हणजे पाऊस पडला तरी गरमी कमी होत नाही, असंच ना? हवामान बदल! इतक्या लहान मुलांकडून! माझ्या अंगावर काटा आलाय, दाखवू शकते तुम्हाला."

"हो हो, म्याडम," लच्छू ताबडतोब म्हणाला. "तेच बसवलं होतं. दोन महिने झाले, तेच करून राह्यलो आमी."

गुरुजींना आता एक शब्द बोलायचीही गरज नव्हती. नुसतं हसलं असतं तरी चाललं असतं, आणि पोळ्यांच्या डब्याऐवजी मोठ्या पट्ट्यांचं, चार सुरांचं यंत्र या चटईवर आलं असतं. रांग संपली असती. त्यांनी मुलांकडे पाहिलं. चौदा तोंडं त्यांच्याकडे वळलेली होती. धड्यातला अवघड भाग आला की गुरुजी काय सांगतात म्हणून पाहतात, तशी पाहणारी.

"नाई, म्याडम," गुरुजी म्हणाले. "आमी असं काई बसवलं नाई. गाणं एकाच पट्टीत होतं. यंत्राले ऊन लागलं, सूर चढला, पोट्टे त्याच्या मांगं गेले, लच्छू पोट्ट्याइच्या मांगं गेला. अन् मी पेचकसाच्या मांगं गेलो. पोट्ट्याइची चूक नाई. त्याइले मीच सांगतलं होतं, यंत्र सोडाचं नाई म्हनून."

लच्छूला एकदम खोकला लागला.

माधवी खाली बसली. मग गुरुजींनी वही पुढे केली. पहिल्या पानावरची तीन रेघांची ओळ तिने वाचली, यंत्राला बांधलेला कांदा पाहिला, आणि आता तिला सगळा उलगडा झाला. बाकीच्या सव्वीस मागण्याही तिने तिथेच वाचल्या आणि सगळ्या पानांचे फोटो घेतले. मयत आणि लावणीपाशी ती हसली, मोहापाशी थांबली, मंगलीला तो आवाज दोनदा काढायला लावून तोही मोबाइलमध्ये घेतला. "कळवते, सर," म्हणाली, आणि कांदा पर्समध्ये टाकून लग्नाला गेली.

गाडीची धूळ बसल्यावर लच्छू पायरीवर बसला.

"गुर्जी, तिले तसंच समजू देलं असतं तं तुमचं काय जात होतं?"

"पोट्टे पाहून राह्यले होते, लच्छू."

"तं पाहू द्याचं ना! त्याइले यंत्र भेटलं असतं."

"अन् मंग मी त्याइले त्या यंत्रावर काय शिकवलं असतं?"

 लच्छूने मोटरसायकलची बॅटरी उचलली आणि तो घरी गेला.

जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये गटावर बातमी आली की दोन यंत्रांची ठिकाणं ठरली, एक कोल्हापूर आणि एक नाशिक. तिसऱ्याचा उल्लेख नव्हता. गुरुजींनी दोघांनाही अभिनंदन कळवलं. वर्गात मुलं पुन्हा रांगेत उभी राहू लागली. कांद्याबद्दल कोणी विषय काढला नाही, पण विज्ञानाच्या वहीत एका मुलीने 'उष्णतेवरील उपाय' खाली तो क्रमांक तीनवर लिहिला, आणि गुरुजींना त्यावर बरोबर की चूक ते ठरवता येईना.

दिवाळीच्या सुटीत मोठं खोकं आलं.

खोलीत सगळे जमले. मंगलीही सुटीला आली होती. खोकं उघडलं तर आत लच्छूच्या बोटांना पुरतील अशा मोठ्या पट्ट्या, मराठी नावांच्या घुंड्या, चार सूर, झाकण, बॅटरी, आवाज लक्षात ठेवायची आठ बटनं. बंद करायचं बटन ठमाबाईंच्या मनाजोगतं, बोराएवढं. आणि एक हेडफोन. गुरुजींनी 'सा' दाबला. मग यंत्र बाहेर अंगणात उन्हात ठेवलं, तासाभराने पुन्हा दाबला. जागचा हलला नव्हता. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"हे लाल घुंडी कायची आहे, गुर्जी?" प्रियाने विचारलं.

यंत्राच्या अगदी मधोमध, सगळ्यांत मोठी एक लाल घुंडी होती. खाली नाव होतं: 'आरमोरी'.

सोबत माहितीपत्रक होतं. गुरुजींनी ते मोठ्याने वाचलं. "'ही घुंडी उजवीकडे फिरवल्यास सूर तापल्यासारखा हळूहळू वर सरकतो. आमच्या कार्यालयात आरमोरीच्या मुलांचं गाणं ऐकल्यापासून, तसंच ते आमच्या पुण्यातल्या ग्राहकांना ऐकवल्यापासून, सर्वाधिक रसिकांनी याच सोयीची मागणी केली. या घुंडीमुळे यंत्राची किंमत थोडी वाढली आहे, त्याबद्दल क्षमस्व.'"

सगळ्यांनी पुन्हा लाल घुंडीकडे पाहिलं.

"म्हंजे," लच्छू सावकाश म्हणाला, "जे आपल्या इथी टिनाखाली फुकटात भेटते, त्याच्यासाठी लोकं वरून पैसे देऊन राह्यले?"

गुरुजींनी गट उघडून पाहिला. पुण्याच्या त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'अखेर उबदार सूर! आता आम्ही एसी बंद न करताही...' पुढचं गुरुजींनी वाचलं नाही.

"उजवीकडे फिरवली की वर," मंगली आपल्याशीच म्हणाली. "डावीकडे?"

माहितीपत्रकात त्याबद्दल काही नव्हतं. "फिरवून पाह्य," गुरुजी म्हणाले. त्यांचं आवडतं वाक्य होतं ते.

मंगलीने घुंडी झटक्यात पूर्ण डावीकडे फिरवली आणि पट्टी दाबली. आवाज कोणालाच आला नाही, कारण हेडफोन लावलेला होता आणि तो ठमाबाईंच्या कानांवर होता. आपली मागणी खरंच पुरी झाली का, ते त्या तपासून पाहत होत्या.

ठमाबाई दचकल्या. मग हलल्याच नाहीत.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं. हेडफोनमुळे ठमाबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मंगलीला बोटाने खूण केली, पुन्हा. मंगलीने पुन्हा पट्टी दाबली. ठमाबाईंनी डोळे मिटून घेतले. कुरखेड्याजवळच्या त्यांच्या माहेरी त्या सात वर्षांच्या असल्यापासून आईबरोबर पहाटे मोह वेचायला जात. त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला आणि पदराची झोळी झाली.

"पाड वं, मंगले," त्या मोठ्याने म्हणाल्या, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशा. "आनखी पाड. हे खोली भरू दे."

मंगली एकामागून एक पट्ट्या दाबत राहिली. मुलं गुडघ्यांवर बसून ठमाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. गुरुजींनी दोनदा हात पुढे करून हेडफोन मागितला, आणि दोनदा ठमाबाईंनी डोळे न उघडता त्यांचा हात बाजूला केला.

शेवटी गुरुजी उठले. कपाटातून दोनशे पानी वही काढली, शेवटच्या मागणीच्या खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं: 'मागणी अठ्ठाविसावी. हेडफोनसाठी भोकं दोन असावीत.' थोडा विचार करून त्यांनी त्याखाली तीन रेघा मारल्या.